मापात बसलेले कडियाळे

गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझ्या घोड्याने, भोवऱ्याने, मला उसाच्या ट्रॉलीमागे एका गुऱ्हाळात नेले. मी गेलो असे लिहिणे खोटेपणाचे ठरेल, कारण मी फक्त त्याच्या पाठीवर होतो आणि जाण्याचा निर्णय सर्वस्वी त्याचा होता. मी दोन्ही हातांनी लगाम खेचत असताना त्याने मान पुढे काढून, तोंड उघडून, चालत्या ट्रॉलीतून उसाचे एक वाढे ओढले आणि थेट चुलवाणापाशी जाऊन उभा राहिला. गुळव्याने माझ्याकडे पाहून "सर, रस का काकवी?" असे ज्या सहजतेने विचारले, ते मला अजून सहन झालेले नाही.

भोवरा चार वर्षांचा आहे आणि त्याच्या मानेत दोन खोंडांचे बळ आहे. तो आवरत नाही म्हटल्यावर कोल्हापुरातील प्रत्येक जाणकाराने, म्हणजे भेटलेल्या प्रत्येक माणसाने, मला एकच उपाय सांगितला: कडियाळे कडक करा आणि नाकपट्टी आवळा. आता कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी भाग, जेथे टेकते तेथे घोड्याला दात नसतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत हिरडीचा पातळ पदर असतो आणि खाली लगेच हाड. एका सांध्याचे कडियाळे तेथे अडकित्त्यासारखे मिटते आणि जीभ सुपारीच्या जागी असते. म्हणून मी मध्ये लहानशी गोल कडी असलेले, दुहेरी सांध्याचे कडियाळे निवडले. भोवऱ्याच्या तोंडात सुतळी धरून ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत माप घेतले, दोन्ही बाजूंना किंचित जागा धरली आणि 5 इंची कडियाळे कानपूरहून मागवले. आले साडेपाच इंची. दुकानदाराने फोनवर "चल जाएगा" एवढेच सांगितले. वरातीच्या घोडीसाठी आरसे, झालर आणि जरीचा साज हवा त्या मापात मिळतो, तोंडातल्या लोखंडाला मात्र माप असते हेच कोणाला मान्य नाही.

तेच कडियाळे घेऊन मी नाकपट्टी शिवून घ्यायला चप्पल लाईनला गेलो. कातड्याची इतकी जाण असलेले हात दुसरीकडे कोठे मिळणार? कारागीर पट्टीला भोके पाडत होते आणि शेजारच्या स्टुलावर, चपलेचा अंगठा शिवायला टाकून, एक मामा बसले होते. पैलवानी कान, एक पाय अनवाणी, हातात अर्धा कप चहा.

"कशाला वो पट्टी?" मामा म्हणाले.

"घोड्याच्या नाकावर बांधायला."

"मग येसणच घाला की. आमच्या खोंडाला घातली, दुसऱ्या दिवशी गाय झाली त्येची."

"घोड्याला वेसण घालत नाहीत, मामा."

"का? नाक न्हाई व्हय त्येला?"

मी विषय बदलण्यासाठी कडियाळे पुढे केले. त्यांनी ते उन्हात धरून पाहिले. "ह्ये गुळगुळीत कसं? काटं कुठं हायत?" जनावरांवर काटेरी लगाम वापरायला 1965 च्या नियमांनी बंदी आहे, असे मी प्राध्यापकी आवाजात सांगितले. "तवा आमच्या आज्जाचा टांगा हुता," मामा शांतपणे म्हणाले, "घोड्यानं कवा नियम काढून दाखवला न्हाई."

कारागिरांना मी बजावत होतो की पट्टी आणि नाकाचे हाड यांत दोन बोटे जागा राहिली पाहिजे. मामांनी चहा खाली ठेवला. "कुणाची बोटं?" असे विचारून त्यांनी स्वतःची दोन बोटे माझ्या नाकासमोर धरली, ती बोटे नव्हती, केळी होती. हा प्रश्न आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघालाही पडला आणि 2025 साली त्यांनी बोटांऐवजी ठरावीक मापाचे साधन आणले. त्यांना तेथवर यायला कित्येक वर्षे लागली, मामांना अर्धा कप चहा.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. "त्येला दुखतंय का न्हाई, तुमाला काय ठावं? तुमी तोंडात धरून बघिटलंय?"

या वयात माणसाने चिथावणीला बळी पडू नये हे मला समजते. तरीही मी कडियाळे रुमालाने पुसले आणि दातांत धरले. मामांनी लगेच कड्यांना सुतळी ओवून माझ्यामागे जागा घेतली व "हां, आता चाला" म्हणून हलका हिसका दिला. नेमके त्याच वेळी माझे व्याही स्कूटरवरून आले, थांबले आणि म्हणाले, "नमस्कार." माझे तोंड बांधलेले होते. मी मान लववली, तेव्हा मामांनी सुतळी सैल सोडली, एवढे सौजन्य त्यांनी दाखवले. व्याह्यांनी फोटो काढला. तो दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर आहे.

मला राग आहे तो फोटोचा नाही, किंवा फक्त फोटोचा नाही. उपाय सांगणाऱ्या एकानेही घोड्याचे तोंड उघडून पाहिले नव्हते, आणि त्या मोजणीत मीही येतो. पट्टी आवळली की तोंड मिटते, पण दुखणे तेथेच राहते. घोड्याला ते दाखवता येत नाही इतकेच. पंधरा दिवस हाता-पाया पडल्यावर आलेल्या पशुवैद्यांनी जबडा उघडून दाढांवर बॅटरी मारली. एक दुधाची दाढ अर्धी सुटून हिरडीत रुतली होती. या वयात ती पडायचीच असते, ही अडकून राहिली होती. त्यांनी ती दोन मिनिटांत काढून माझ्या तळहातावर ठेवली.

नाकपट्टी सुबक झाली आहे. कारागिरांनी आपल्या मनाने तिला लाल गोंडा लावला होता, तो भोवऱ्याने खाल्ला. कडियाळे मी कानपूरला परत पाठवले. काल मामांचा फोन आला. नंबर त्यांना कारागिरांनी दिला असावा.

"बसलं का वो घोड्याला?"

"नाही. अर्धा इंच मोठे होते."

"आँ? तुमाला तर झकास बसलं हुतं."