लेखकांचा संप आणि निखिलची साडेतीन वर्षे

नारायण पेठेत पत्र्या मारुतीजवळ शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या कट्ट्यावर या वेळी वादाला तोंड फोडले ते निखिलने. हिंजवडीत नोकरी करणारा आणि रात्र रात्र जागून अमेरिकन मालिका पाहणारा निखिल हॉलिवूडच्या लेखकांवर अजून डूख धरून आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन २०२२ मध्ये आला आणि पाचवा थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये. तोवर त्यातली पोरे बाप्ये दिसू लागली, आणि हे सारे २०२३ च्या संपाचे पाप, असे त्याचे म्हणणे. "भांडण लेखकांचे आणि स्टुडिओंचे. दर महिन्याला पैसे भरणाऱ्या माणसाला त्याची शिक्षा कशासाठी?"

अप्पांना एवढे निमित्त पुरले. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या अप्पांचे मत चहा येण्याआधीच तयार होते. संप ही कामचुकारांची सोय आहे, आणि मालिकेला तर लेखक लागतच नाही, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. "सून रडते, सासू डोळे वटारते, मध्ये जाहिराती. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा लिहील!"

"अप्पा, तुमचा वेतनकरार दर पाच वर्षांनी कोणी मिळवून दिला?" मंजिरीताईने शांतपणे विचारले. "तुमच्या संपाच्या दिवशी बंद शटरपुढून आम्ही परत गेलो, तेव्हा तो हक्काचा लढा होता. लेखकाने तेच केले की लगेच कामचुकारपणा?"

मंजिरीताईने काही वर्षे एका मराठी दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिले आहेत. त्यामुळे ती बोलू लागली की मी तरी ऐकून घेतो. निखिलला तिने सांगितले की, संप मिटेपर्यंत चित्रीकरण सुरू करणार नाही, असे त्याच्या लाडक्या मालिकेच्या निर्मात्यांनी स्वतःच जाहीर केले होते आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झाले. साडेतीन वर्षांतले काही महिने संपाचे, बाकीचा काळ निर्मितीचा. २ मे २०२३ रोजी सुमारे साडेअकरा हजार लेखकांनी काम थांबवले, त्याच दिवशी रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम बंद पडले, कारण त्यांचे लेखन रोजच्या रोज होते. मालिकांची झळ मात्र कित्येक महिन्यांनी लागली. "उशिरा लागलेली झळ कुठल्या आगीची, हे प्रेक्षकाच्या ध्यानात राहत नाही. मग समोर जो दिसेल त्याला तो शिव्या घालतो. १४८ दिवस तडजोड का होऊ शकली नाही, हे तुम्ही स्टुडिओंना का विचारत नाही?"

मागण्याही तिने थोडक्यात सांगितल्या. पूर्वी वाहिनीवर मालिका पुन्हा दाखवली की लेखकाला दर खेपेला काही ना काही मिळत असे. स्ट्रीमिंगवर तीच मालिका कोट्यवधींनी पाहिली तरी त्याच्या पदरात ठरलेलीच रक्कम पडू लागली. एकत्र बसून लिहिणाऱ्या लेखकांची संख्या कमी कमी होत गेली आणि वर कृत्रिम बुद्धिमत्तेची टांगती तलवार आली. संपानंतरच्या करारात लेखकांच्या किमान संख्येची अट आली, पहिल्या ९० दिवसांत त्या स्ट्रीमिंग सेवेच्या तिथल्या २० टक्के वर्गणीदारांइतकी पाहिली गेलेली मालिका लेखकाला बोनस मिळवून देऊ लागली, आणि यंत्राने तयार केलेला मजकूर लेखन म्हणून धरला जाणार नाही, हेही ठरले.

तेव्हा शिरीष बोलला. त्याची एरंडवण्यात जाहिरातपट करणारी छोटी कंपनी आहे, आणि त्याचा मुद्दा खोटा नव्हता. "लेखकांना निदान करार तरी मिळाला. लाइटवाला, मेकअपवाला, गाडीवाला घरी बसला, त्याला कोणती रॉयल्टी मिळते? आणि पैसा बुडाला तर तो माझा बुडतो."

"ते लोक पोळले, हे मला मान्यच आहे," मंजिरीताई म्हणाली. "तरीही तिथल्या वाहनचालकांच्या संघटनेने लेखकांना उघड पाठिंबा दिला. आपले दुखणे एकच आहे, हे त्यांना कळले होते. आणि शिरीष, श्रेयाविषयी तू बोलूच नकोस."

पुढे काय येणार हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी मंजिरीताईने लिहिलेली एकांकिका भरत नाट्य मंदिरात झाली, तेव्हा 'लेखन आणि दिग्दर्शन' या दोन्ही शब्दांपुढे शिरीषचेच नाव जाहीर झाले होते. उद्घोषकाची चूक, ही शिरीषची सफाई आम्ही तेव्हापासून ऐकत आलो आहोत. मला ती कधीच पटलेली नाही.

अप्पा मात्र मूळ मुद्द्यावर अडून होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या सिने-कामगारांनी काम थांबवले आणि हिंदी वाहिन्यांवर जुनेच भाग लागले, तेव्हाही आपले काहीही अडले नाही, असे ते म्हणाले.

इथे मला राहवले नाही. काही दिवसांपूर्वी माझी आई रोजची मालिका पाहता पाहता एकदम म्हणाली, "या आजीला काय झाले? रोज 'दिवा लावलास का गं?' म्हणणारी ही बाई आज 'डोन्ट वरी बाळा' काय म्हणते!" चेहरा, लुगडे, वाडा, सारे तेच होते. दुसऱ्या दिवशी मी श्रेयनामावली मुद्दाम नीट वाचली, तर संवादलेखकाचे नाव बदललेले होते. आईला त्या लेखकाचे नाव आजही ठाऊक नाही. पण तो गेला हे तिला पहिल्याच वाक्यात कळले.

मंजिरीताईला त्याचे नवल वाटले नाही. आपल्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की कथानकाचा ट्रॅक बदलतो आणि रात्री लिहिलेला प्रसंग सकाळी सेटवर जातो. हाताशी जेमतेम काही भागांची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेला साठा, असतो. म्हणजे मराठी मालिकांच्या लेखकांनी खरोखरच हात आखडला, तर आठवड्याभरात पडदा रिकामा पडेल. पण थकलेले मानधन एकट्याने मागितले तर सोमवारपासून दुसरा लेखक येतो. चित्रपटातल्या लेखनाच्या रॉयल्टीचा हक्क लेखकाने निर्मात्याला लिहून देणे चालणार नाही, अशी तरतूद २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत झाली. तिचा लाभ मागायलाही पाठीशी संघटना लागते. मला विचाराल तर प्रेक्षकाचे खरे नुकसान काही महिने वाट पाहण्यात नाही, ते या गुपचूप बदललेल्या आजीत आहे, आणि त्याविरुद्ध प्रेक्षकाच्या बाजूने उभा राहू शकेल असा एकच माणूस आहे, तो म्हणजे संपावर गेलेला लेखक.

निखिल गप्प झाला होता. अप्पांनी घसा खाकरला. "ते सगळे राहू द्या. मंजिरी, त्या पोरीला तीन आठवडे गोदामात कोंडून ठेवले आहे. ती सुटणार कशी?"

"अप्पा, तुम्ही मालिका पाहता?" निखिल ओरडलाच.

"घरात चालू असते, कानावर पडते!"

"तिच्या सुटकेच्या तीन वाटा मला आत्ताच दिसताहेत," मंजिरीताई म्हणाली, "पण शिरीषच्या देखत एकही सांगणार नाही."

शिरीषसकट सगळे खो खो हसत सुटले. अप्पा तेवढे तिच्या मागोमाग केळकर रस्त्यापर्यंत गेले, निदान एक तरी वाट सांग म्हणून.