‘कोर्टात जाणं हाही आता गुन्हा का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

२०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. ट्रम्प यांच्या बाजूने साठहून अधिक दावे झाले, पण कोर्टांनी ते तांत्रिक कारणं देऊन निकालात काढले, पुरावा कोणी पाहिलाच नाही. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर कोर्टात गेले, इंदिरा गांधींच्या निवडीविरुद्ध राजनारायण कोर्टात गेले, तेव्हा ती लोकशाही. मग ट्रम्प गेले की तो लोकशाहीवर घाला कसा? आणि शेवटी तुम्ही म्हणता, ‘तिथे राहून तुम्ही तिथल्या माध्यमांचीच री ओढता.’

शेवटचं आधी घेते. हो, मी इथे राहते, जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या कॉब काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग). या वादात ज्या कागदांचा कीस पडला, त्यात माझाही एक कागद होता. पडद्यावर बोट ठेवून नावं निवडली, शेजारच्या प्रिंटरमधून कागद आला, त्यावरची नावं वाचली आणि कागद स्वतःच्या हाताने स्कॅनरमध्ये सरकवला. स्कॅनर मात्र नाव वाचत नव्हता, तो वाचत होता त्या कागदावरचा क्यूआर कोड. नाव एकाचं आणि कोड दुसऱ्याचा असला तर? ही शंका तुम्ही काढलीत, तीच त्या दिवशी घरी येताना माझ्याही मनात आली होती.

त्या शंकेचं उत्तर मला माध्यमांनी दिलं नाही, हातमोजणीने दिलं. नोव्हेंबरमध्ये जॉर्जियाच्या सगळ्या १५९ काउंट्यांत सुमारे ५० लाख कागद माणसांनी हाताने मोजले. टेबलाशी दोघं बसायची. एकाने कागद उचलून नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तेच नाव आपल्या डोळ्यांनी पाहून कागद त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात ठेवायचा. कोडकडे कोणी बघायचंच नाही. यंत्रात लबाडी असती तर ती इथे उघडी पडली असती. पडल्या त्या चुका. फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० कागद स्कॅन करायचेच राहिले होते. त्यांत ट्रम्प यांची मतं जास्त होती, ती त्यांच्या खात्यात जमा झाली आणि बायडन यांची आघाडी घटली. मग ट्रम्प यांच्याच मागणीवरून तिसऱ्यांदा, यंत्राने, मोजणी झाली. आघाडी उरली ११,७७९ ची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टपाली मतांच्या पाकिटांवरच्या सह्या खोट्या होत्या, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्याची तपासणी नेमकी माझ्याच काउंटीत झाली. राज्याच्या तपास यंत्रणेने १५,११८ पाकिटं पाहिली. खोटं मत एकही निघालं नाही. दोन पाकिटं मात्र मतदाराकडून दुरुस्त करून घ्यायला हवी होती, ती तशीच स्वीकारली गेली होती. त्यातल्या एकावर नवऱ्याच्या जागी बायकोने सही केली होती.

आता कोर्टांबद्दल. इथे तुमचा एक मुद्दा खरा आहे आणि चूक माझी आहे. ‘सगळे दावे पुराव्याअभावी फेटाळले गेले’ असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. टेक्ससने पेनसिल्व्हेनियासह चार राज्यांविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा केला. ११ डिसेंबरला तो फेटाळला गेला तो एवढ्याच कारणावर, की दुसऱ्या राज्याने निवडणूक कशी घ्यावी यावर दाद मागण्याचा अधिकार टेक्ससला पोचत नाही. विस्कॉन्सिनच्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्प यांचा दावा ४ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला, तिथेही मुख्य कारण उशिराचं होतं.

पण त्या उशिराला ‘तांत्रिक’ म्हणून बाजूला सारण्याआधी मागणी काय होती ते बघा. डेन आणि मिलवॉकी या दोनच काउंट्यांतली २ लाख २० हजारांहून जास्त मतं बाद करा! मतदानाच्या ज्या पद्धतींवर हरकत होती, त्यातल्या बहुतेक राज्यभर चालू होत्या. हरकत मतदानाआधी घेता आली असती, घेतली नाही. मतदारांनी सरकारी अर्जाप्रमाणे मत दिलं, निकाल लागला, आणि मग ट्रम्प यांनी जिथे ते मोठ्या फरकाने मागे पडले त्याच दोन काउंट्या निवडल्या. हा दावा मान्य झाला असता तर त्या लोकांनी काय करायचं होतं? त्यांची चूक तरी कोणती?

आणि ‘पुरावा कोणी पाहिलाच नाही’ हे तर अजिबात खरं नाही. नेवाडात न्यायाधीश जेम्स रसेल यांनी साक्षीदारांच्या जबान्या आणि तज्ज्ञांची मतं तपासून ३५ पानांचा निकाल दिला. दाव्यातला एकही आरोप सिद्ध झाला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. विस्कॉन्सिनमधल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात न्यायाधीश ब्रेट लडविग होते, खुद्द ट्रम्प यांनी नेमलेले. त्यांनी लिहिलं की या कोर्टाने वादीला आपली बाजू मांडायची संधी दिली आणि तो गुणवत्तेवर हरला. पेनसिल्व्हेनियात विल्यम्सपोर्टच्या कोर्टात ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी उभे राहिले. बाहेर, कॅमेऱ्यांसमोर, ते रोज घोटाळा घोटाळा म्हणत होते. कोर्टात न्यायाधीशांपुढे त्यांनीच कबूल केलं, की हा फसवणुकीचा दावा नाही. माझं मत पक्कं झालं ते इथे. बोललेल्या शब्दाची जबाबदारी येते, अशा जागी जे म्हणायची तयारी नाही, ते लाखो लोकांना खरं म्हणून सांगत राहणं मला माफ करता येत नाही. त्या सांगण्यापायी फुल्टन काउंटीत मतमोजणीला बसलेल्या एका मायलेकींना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, राहतं घर सोडावं लागलं.

राजनारायण यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्यांनी आरोप नेमके केले: सरकारी नोकरीतल्या माणसाला प्रचाराला लावलं, उत्तर प्रदेशातल्या अधिकाऱ्यांकडून सभांची व्यासपीठं बांधून घेतली. खटला चार वर्षं चालला. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः अलाहाबादला साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, उलटतपासणी झाली, आणि १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती सिन्हांनी निवडणूक रद्द केली. कोर्टाची पायरी चढणं म्हणजे हे. लोकशाहीला धोका झाला तो त्या निकालानंतर, जेव्हा हरलेल्या पक्षाने ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर न्यायचा प्रयत्न केला. कोर्टाने विरुद्ध निकाल दिला तर कोर्टच बाजूला करायचं, यालाच माझा विरोध आहे. मग ते दिल्लीत होवो की वॉशिंग्टनमध्ये.

अध्यक्षाची निवडणूक कोर्टं रद्द करतच नाहीत, असंही नाही. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये केली. मलावीत २०२० मध्ये झाली, कारण निकालपत्रांवरचे आकडे पांढऱ्या शाईने खोडून बदललेले न्यायाधीशांना दिसले. पुरावा असला की न्यायाधीश कचरत नाहीत.

अल गोर यांचंही तसंच. फ्लोरिडातला फरक अवघा ५३७ मतांचा होता, दावा करायला त्याहून सबळ कारण कुठलं? सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००० ला ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. मला आजही तो निकाल चुकीचा वाटतो. पण गोर यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. ६ जानेवारी २००१ ला संसदेत राज्यांची मतं मोजली गेली, तेव्हा उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी तेच होते, आणि त्यांच्यासाठी हरकत घ्यायला उठलेल्या स्वपक्षीयांना त्यांनीच नियमाप्रमाणे खाली बसवलं. २००५ मध्ये ओहायोच्या मतांवर डेमोक्रॅट्सनी घेतलेली हरकत मात्र माझ्या मते चूकच होती. तुम्ही ती दाखवून दिलीत, मला ती झाकायची नाही.

आता तो आकडा. २ जानेवारी २०२१. जॉर्जियाची मोजणी तीनदा झाली आहे, राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या अधिकृत प्रतिनिधींनी (इलेक्टर्सनी) मतं देऊन एकोणीस दिवस झाले आहेत. ट्रम्प जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी, ब्रॅड राफेन्सपर्गर यांना फोन करतात. राफेन्सपर्गर रिपब्लिकन, त्यांनी मतही ट्रम्प यांनाच दिलेलं. तासभराचं ते बोलणं ध्वनिमुद्रित आहे, मी ते दोनदा पूर्ण ऐकलं. ट्रम्प म्हणतात, मला फक्त ११,७८० मतं शोधायची आहेत.

११,७७९ अधिक एक.

कुठल्या गावातली मतं, कुठल्या पेटीतली, काय चुकलं होतं, यातलं त्या मागणीत काहीच नाही. हवा होता तो आकडा. तो आधी ठरला आणि मतं मागाहून शोधायला सांगितली. मोजणीत माणसं मतांवरून आकड्याकडे जातात, इथे उलटा प्रवास होता. ती ११,७८० मतं कुणाच्या तरी कागदांतून काढावी लागली असती. म्हणून मी चिडून लिहिते. राफेन्सपर्गर यांनी शांतपणे सांगितलं, अध्यक्ष महोदय, तुमच्याकडची माहिती चुकीची आहे. चार दिवसांनी संसदेवर हल्ला झाला. त्या आधीचे कित्येक दिवस उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यावर तोच दबाव होता, की राज्यांची मतं नाकारायचा, कायद्याने नसलेला अधिकार वापरा. त्यांनीही नकार दिला.

एवढं सगळं कोर्टात जाण्याला विरोध म्हणून मी लिहिलेलं नाही. त्या साठ-बासष्ट दाव्यांपैकी एकाही दाव्याला मी गुन्हा म्हणत नाही. तसा अर्थ माझ्या लेखातून निघत असेल तर ते माझ्या वाक्याचं अपयश आहे.

ते वाक्य आज बदललं आहे. ‘सगळे दावे पुराव्याअभावी’ काढून ‘काही दावे दाद मागण्याच्या अधिकाराअभावी, काही उशिरामुळे आणि काही पुरावा तपासल्यानंतर’ असं केलं आहे. खाली दुरुस्तीची तारीखही टाकली आहे. नेवाडाच्या निकालाची ती ३५ पानं तुम्ही वाचावीत अशी विनंती आहे. त्यातला कुठला साक्षीदार न्यायाधीशांनी चुकीचा तोलला असं तुम्हाला वाटतं, ते लिहा. मी तोही भाग पुन्हा वाचेन.