शिकलेल्या गुलामाची किंमत : एका प्रतिक्रियेला उत्तर

रोममधील गुलामगिरीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप घेतलात, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की ज्या समाजात गुलाम धन्याच्या मुलांना शिकवत आणि पुढे मुक्तही होत, त्याला मी अमेरिकेतल्या मळ्यांच्या मापाने मोजले. आणि विद्या नाकारल्याने माणसे दास्यात खितपत पडतात हे जोतीराव फुल्यांनी दाखवून दिलेले असताना, गुलामांना विद्या देणाऱ्या रोमला मी त्याचे श्रेय दिले नाही.

आपण दिलेले तपशील खरे आहेत, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. फुल्यांनी निदान केले ते विद्येचे दारच बंद असलेल्या समाजाचे. रोममध्ये हे दार मालकाच्या सोयीने उघडे आणि त्याच्याच सोयीने बंद होई; आत गेलेल्या गुलामाने जे कमावले, ती कायद्याने मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर असे.

थोरला केटो या रोमन राजकारण्याचेच पाहा. त्याच्या पदरी खिलोन नावाचा शिक्षक गुलाम होता आणि तो पुष्कळ मुलांना शिकवत असे. स्वतःच्या मुलाला मात्र केटोने स्वतःच शिकवले, कारण, त्याचा चरित्रकार प्लूटार्क सांगतो त्याप्रमाणे, अभ्यासात मागे पडला म्हणून एका गुलामाने आपल्या मुलाचा कान पिळावा, हे त्याला रुचणारे नव्हते. हाच केटो आपल्या गुलामांना पैसे उसने देई. त्यातून ते पोरे विकत घेत, त्यांना वर्षभर शिकवून तयार करत आणि पुन्हा विकत. शिकवल्याने भाव किती चढू शके, हे ल्युटेशियस डॅफ्निस या व्याकरणकारावरून कळते. तो ७,००,००० सेस्टर्सना (सेस्टर्स हे रोमन नाणे) विकला गेला, आणि त्यानंतर पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातही साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. (डॅफ्निसला घेणाऱ्याने त्याला लवकरच मुक्त केले, हेही सांगायला हवे.)

रेमियस पॅलेमन या व्याकरणकाराचा दाखला आपण मुद्दाम दिलात, पण तो मला उलट बाजूचा वाटतो. एका बाईच्या घरी जन्मलेल्या या गुलामाला आधी शिकवले गेले ते विणकाम. अक्षरे तो शिकला ती धन्याच्या मुलाला शाळेत पोहोचवता पोहोचवता, म्हणजे दुसऱ्यासाठी चाललेला धडा ऐकून. मुक्त झाल्यावर त्याची शाळा त्याला वर्षाला ४,००,००० सेस्टर्स मिळवून देऊ लागली. यातले श्रेय पॅलेमनचे आहे, घराने त्याला मागावर बसवले होते.

मळ्यावर तर हिशेब आणखी उघडा होता. मुकादमाची (तोही गुलामच असे) स्मरणशक्ती चांगली असेल तर तो निरक्षर असला तरी चालेल, असे शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला लिहितो आणि सेल्सस या दुसऱ्या लेखकाचे मत देतो, की असा मुकादम धन्याकडे वहीपेक्षा पैसेच अधिक वेळा आणतो, कारण खोटा हिशेब त्याला लिहिता येत नाही.

राहिला मुक्तीचा मुद्दा. शहरातल्या घरांत वावरणाऱ्या शिकलेल्या गुलामांना ती संधी मजुरांपेक्षा अधिक होती, हे मला मान्य आहे. परंतु मुक्त होईपर्यंत न्यायालयात अशा गुलामाची साक्ष खाणीतल्या गुलामासारखी छळ करूनच घेतली जाई, आणि मुक्त झाल्यानंतरही जुन्या धन्याचा मान राखण्याचे व कबूल केलेली कामे करून देण्याचे बंधन त्याच्यावर राही.