काळारामचा सत्याग्रह हाही स्वातंत्र्यलढाच होता

नाशिकमधल्या कुठल्याही शाळेत १५ ऑगस्टच्या आधी वक्तृत्व स्पर्धा घ्या, निम्मी मुलं हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्यावर बोलतात. उरलेल्यांत टिळक, भगतसिंग, झाशीची राणी, आणि भगूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे सावरकर हमखास. अशा स्पर्धांचं परीक्षण मी बरीच वर्षं करते आहे. काळारामचा सत्याग्रह चालवणाऱ्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांवर बोलणारं मूल क्वचित भेटतं, आणि भेटलंच तर ते १४ एप्रिलच्या कार्यक्रमात. यंदा एका शाळेत नववीतल्या मुलीने दादासाहेबांवर भाषण बसवलं होतं. तिला सांगण्यात आलं, "हा विषय समाजसुधारणेचा झाला गं, आपला विषय स्वातंत्र्यलढा आहे." तिने ऐनवेळी विषय बदलला, पाठांतर कच्चं राहिलं आणि अर्ध्यावर अडखळून खाली बसली. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

आधी एक सांगते. कान्हेऱ्यांबद्दल मला तसूभरही कमी लेखून बोलायचं नाही. बाबाराव सावरकरांनी कवी गोविंदांच्या कविता छापल्या, एवढ्यासाठी १९०९ च्या जूनमध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरमध्ये 'संगीत शारदा'चा प्रयोग होता आणि बदली झालेला कलेक्टर जॅक्सन तिथे आला होता. बाबारावांच्या शिक्षेचा सूड म्हणून औरंगाबादहून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराने, म्हणजे कान्हेऱ्यांनी, त्याच्यावर पिस्तूल झाडलं. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे हे तिघे फासावर गेले. तिकडे बाबाराव अंदमानात आणि इकडे त्यांच्या पत्नी येसूवहिनी. त्यांना पुन्हा नवऱ्याचं तोंडही पाहायला न मिळता १९१९ मध्ये त्या गेल्या. येसूवहिनींवर कुणी मूल बोलायला उभं राहिलं तर मी त्याला जवळ घेईन. पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

आता नदी ओलांडून पंचवटीत या.

२ मार्च १९३०. तारीख नीट लक्षात घ्या, कारण गांधीजी दांडीला जायला साबरमतीहून निघाले ते १२ मार्चला. मिठाचा सत्याग्रह सुरू व्हायच्या दहा दिवस आधी नाशिकमध्ये सुमारे पंधरा हजार माणसं सत्याग्रहासाठी जमली होती, अस्पृश्य ठरवलेल्यांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून. खेड्यापाड्यांतून आलेली, बहुतेकांचं हातावर पोट. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर. परिषद झाल्यावर मैलभर लांबीची मिरवणूक शिस्तीत काळारामाच्या दाराशी आली. दारं बंद. मग मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून दारांसमोर बसायला सुरुवात. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ बायका. या २५ बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. १९३० साली, घरची चूल आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी मागे टाकून, समोर बंदूकधारी पोलीस आणि पाठीमागे शिव्या देणारा जमाव असताना त्या तिथे बसल्या. आपल्यापैकी किती जणींची छाती झाली असती?

या सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजेच आपले दादासाहेब. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, म्हणजे तेव्हा वय अवघं सत्तावीस.

महिनाभर दारं बंद राहिली. भाविकांनाही दर्शन नाही, पण उघडायची नाहीत म्हणजे नाहीत. चैत्रात रामाचा रथ निघतो तेव्हा, ९ एप्रिलला, तडजोड ठरली की दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. नाशिककरांना रथाचं वेड काय असतं हे मी सांगायला नको. दोराला नुसता हात लागावा म्हणून आपण अंगावर गर्दी झेलतो. त्या दिवशी सत्याग्रहींचा हात दोराला लागायच्या आत रथ पळवून नेला. मग दगडफेक, रक्तबंबाळ माणसं. पुढे जिल्ह्यातल्या गावागावांत त्याचा सूड उगवला गेला. कुठे वाटा बंद, कुठे वाण्याने माल देणं बंद, कुठे मुलांना शाळेतून काढलं.

इतकं होऊनही माणसं पाच वर्षं मागे हटली नाहीत. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा इथला सगळा भार दादासाहेबांनी पेलला. तुकड्या पाठवायच्या, अटक झालेल्यांच्या घरचं बघायचं, खचलेल्यांना उभं करायचं आणि बाबासाहेबांना पत्रं लिहून खबर द्यायची. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा हा सत्याग्रह थांबला.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "पण हा लढा इंग्रजांविरुद्ध कुठे होता?" मी उलट विचारते, दारावर पहारा कोणाचा होता? पोलीस इंग्रज सरकारचे, मॅजिस्ट्रेट इंग्रज सरकारचे, तुरुंगही त्यांचाच. चालत आलंय ते चालू द्यायचं आणि जो बदल मागेल त्याला आत टाकायचं, हे त्या राजवटीचं धोरण मिठागरावर होतं तसंच मंदिराच्या पायरीवर होतं. मिठासाठी बसला तो स्वातंत्र्यसैनिक आणि दारासमोर बसला तो समाजसुधारक, ही वाटणी केली कोणी?

माझं उत्तर कडू आहे, पण स्पष्ट लिहिते. विजयानंदची आठवण आपल्याला सोपी जाते, कारण तिथे समोर परका होता. काळारामची आठवण अवघड जाते, कारण तिथे दार आपल्याच माणसांनी लावून घेतलं होतं. माझ्या-तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने. रथ पळवणारे हात याच गावातले होते. म्हणून तो प्रसंग आपण 'त्यांच्या' जयंतीच्या यादीत टाकून मोकळे होतो. पण हेही नाशिकच होतं की वि. वा. शिरवाडकर, आपले तात्यासाहेब, ऐन तारुण्यात या सत्याग्रहाच्या बाजूने उतरले होते. म्हणजे त्या काळात दुसरी वाट नव्हती, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ ला दादासाहेबांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजा करावी किंवा मंदिरप्रवेशाने समता मिळेल म्हणून ही चळवळ काढलेली नव्हती. माणसांत चेतना यावी, आपली स्थिती त्यांना कळावी, यासाठी हा मार्ग सर्वांत चांगला वाटला. हे वाचल्यावर संविधान उघडा. कलम १७, अस्पृश्यता नष्ट. संविधान सभेने ते मंजूर केलं २९ नोव्हेंबर १९४८ ला. कलम २५ मध्ये सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याची तरतूद. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच, ज्यांच्यासमोर काळारामची दारं बंद झाली होती. मुलांना संविधान शिकवताना दिल्ली सांगतो, पंचवटी सांगत नाही.

दादासाहेब १५ ऑगस्टनंतर घरी बसले नाहीत. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होतेच. आणि मग भूमिहीनांचा सत्याग्रह, आधी १९५९ मध्ये आणि पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर. पडीक सरकारी जमीन कसायला द्या, ही साधी मागणी. लाखो माणसं तुरुंगात गेली. या मागणीत सगळ्या जातींचे भूमिहीन होते, तरी दादासाहेबांना आपण एका समाजाचे पुढारी म्हणूनच लक्षात ठेवलं. नवा देश नुसत्या सत्तांतराने उभा राहत नाही. ज्याच्या पायाखाली हातभर जमीन नाही त्याला हा देश माझा आहे असं वाटायला काय लागतं, हे दादासाहेबांना आंब्याच्या शिवारातूनच ठाऊक होतं. १९६८ ची पद्मश्री त्यांना मिळाली, १९७१ च्या डिसेंबरात ते गेले. आज त्यांच्या नावाच्या सभागृहात आपण कार्यक्रमांना जातो, आणि कान्हेऱ्यांच्या नावाच्या मैदानाला 'गोल्फ क्लब' म्हणत सकाळी फेऱ्या मारतो. नावं दोघांचीही आहेत, माहिती कोणाचीच नाही.

माझं शाळांना आणि संस्थाचालकांना सांगणं आहे की, २ मार्चला आठवी-नववीच्या मुलांना पायी न्या. सुरुवात तिळभांडेश्वर गल्लीतून करा, जिथे मित्रमेळा आणि अभिनव भारत या सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनांची पोरं जमायची. पुढे विजयानंद दाखवा, नदी ओलांडा आणि काळारामाच्या दाराशी थांबून १९३० मध्ये तिथे काय झालं ते पूर्ण सांगा, रथ कोणी पळवला यासकट. मुलं बिथरत नाहीत, खरं पेलतात. अर्धवट सांगितलेलं मात्र त्यांना बरोबर कळतं. आणि वक्तृत्वाच्या विषयांची यादी काढाल तेव्हा दादासाहेबांचं नाव १५ ऑगस्टच्या यादीत घाला.

एक विनंती. नाशिक, दिंडोरी, निफाड, येवला, सिन्नर भागात ज्यांच्या घरातलं कुणी काळारामच्या किंवा भूमिहीनांच्या सत्याग्रहात होतं, त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं जमेल तसं लिहून मला पाठवा. विशेषतः आज्यांचं. त्या मुलीने तिचं मूळ भाषण माझ्याकडे दिलंय. पुढच्या वेळी ते बोलायचं ठरलंय आणि त्यात भर घालायला तिला गावाकडची माहिती हवी आहे.