गुरूंनी प्रश्न विचारू दिले

श्रद्धा डळमळली की शिष्याने गुरूंपासून तोंड लपवू नये, हे एका लेखातील म्हणणे मला मनापासून पटले, कारण मी नेमके तेच केले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या घरात शिरले आणि त्याच महिन्यात वडील गेले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा असला, म्हणजे दत्तपादुकांवरून वाहणारे नदीचे पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागले, की वडील मला पहाटे स्नानाला घेऊन जात. ज्या पाण्याला आम्ही तीर्थ मानले त्यानेच घर बुडवले, ही गोष्ट मला काही केल्या सोसवेना. नित्यपाठ सुटला आणि गुरुजींकडे जाणेही.

दिवाळीनंतर तेच घरी आले. उपदेशाचा एक शब्दही न बोलता त्यांनी वडिलांची भिजलेली पोथी मागितली, मांडीवर धुतलेले धोतर पसरले आणि एकमेकांना चिकटलेली पाने चाकूच्या बोथट कडेने दुपारभर सोडवली. मी रागाने खूप काही बोललो. गीतेच्या चौथ्या अध्यायात प्रणिपात (नम्र वंदन) आणि सेवा यांच्या मध्ये ‘परिप्रश्न’, म्हणजे खोलात जाऊन प्रश्न विचारणे, हा शब्द आहे, एवढेच त्यांनी दाखवले आणि प्रश्न घेऊन दर गुरुवारी यायला सांगितले. माझ्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे मिळालेली नाहीत, आणि ती मिळाल्याचा आव त्यांनीही कधी आणला नाही. मला वाटते, माझा विश्वास त्यामुळेच टिकला. त्या पोथीच्या कडांवर गाळाची तपकिरी रेघ अजून आहे, आणि पाठ मी तिच्यातूनच करतो.