‘बटन’च्या केसेस वाढल्या म्हणजे गुन्हेगारी वाढली?

संभाजीनगरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: नशेच्या केसेस वाढल्या, म्हणजे गुन्हेगारी वाढली, कडक कायदा फेल गेला. हे चूक आहे.

घरफोडी झाली की घरमालक ठाण्यात धावतो. पण टपरीमागे बटन, म्हणजे झोपेच्या गोळ्या, विकत घेणारा पोरगा तक्रार द्यायला कशाला जाईल? ही केस पोलिसांनी झडती घेतली तरच उभी राहते. म्हणून मोहीम लागली की आकडा फुगतो, थंडावली की उतरतो. गोळ्या तेवढ्याच विकल्या जात असल्या तरी! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही अहवालात बजावतो की नोंद वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं नव्हे.

अर्थात यावरून कडक कारवाईनं चोऱ्या घटतात, असंही सिद्ध होत नाही. त्यासाठी चोरी-मारामारीचे आकडे वेगळे बघा.

मेसेजमधलं दुसरं वाक्य, ‘पोर्तुगालनं ड्रग्ज कायदेशीर केले’, तेही अर्धवट. तिथं 2001पासून स्वतःपुरता थोडा साठा बाळगणं फौजदारी गुन्हा नाही, विक्री आजही गुन्हाच. आपल्या 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधातल्या कायद्यातही, कलम 64अ नुसार, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला छोट्या प्रकरणात खटल्यातून सूट मिळते. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.