सोमवारीच शनिवारपर्यंतच्या टिका!

पाचगावच्या साइटवर सकाळी आठला चेकलिस्ट हातात आली. खोदाईच्या पोकलेनची, रोज मशीन तपासून टिक मारायची. ब्रेक ओके, हॉर्न ओके, हायड्रॉलिक ओके. आणि बघतोय तर काय, सोमवारी सकाळीच शनिवारपर्यंतच्या टिका मारून मोकळे! भावा, गुरुवारी पाइप फुटणार नाही हे तुला सोमवारीच कसं कळलं? जोतिबानं स्वप्नात येऊन सांगितलं काय?

डंपरचा रिव्हर्स हॉर्न तर महिनाभर मुका आहे. का? शेजारच्या बंगल्यातून तक्रार आली, म्हणून वायरच काढली. मागं पोरं सेंट्रिंगच्या फळ्या उचलत असतात, ड्रायव्हरला आरशात त्यांचं टोपडंसुद्धा दिसत नाही.

हायड्रॉलिकच्या पाइपातून तेल गळतंय म्हटलं की ऑपरेटर हात लावून बघतो. अरे बाबा, दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, बोट गमावशील! पुठ्ठा धर की पुढं, गळती त्यावर दिसेल. तर म्हणतो, "साहेब, वीस वर्सं असंच करतोय."

बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ ला आला, २०२५ ला त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. माझ्या साइटवर कायदा ऑफिसात, फायलीत झोपलाय. बाहेरून कोणी बघायला येणार म्हटलं, की रात्रीत नवा आरसा, नवा हॉर्न, मशीनला पिवळा रंग, वर लिंबू-मिरची. माणूस गेला की आरसा परत स्टोअरला.

मी त्या चेकलिस्टवर सही केली नाही, तर मालक म्हणाले, "लई कडक झालाय तुम्ही."